पाठीचं ऑपरेशन झालं, दुखणं गेलं, पण तोल अजून आला नाही

चांदणवेल
नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. चार महिन्यांपूर्वी माझं कमरेच्या गादीचं ऑपरेशन झालं. एल५-एस१ची, म्हणजे कमरेच्या सगळ्यात खालच्या मणक्याखालची गादी सरकून डाव्या पायाची नस दबली होती. त्याआधीचे अकरा महिने कसे काढले ते ज्यांना सायटिका झाला आहे त्यांना सांगायला नको. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी उठून उभी राहिले तर पायातली कळ गायब होती. मी अक्षरशः रडले.

पण आता वेगळंच काहीतरी जाणवतंय. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की मी पुढे झुकते आणि बेसिन धरावं लागतं. एका पायावर उभं राहून सलवार घालता येत नाही, बसूनच घालावी लागते. अंधारात चालताना हात आपोआप भिंतीकडे जातो. डाव्या पावलाची बाहेरची कड अजून बधिर आहे. तपासणीला गेले तेव्हा टाके बघितले, पाय उचलून बघितला, "छान आहे" म्हणाले. छान आहेच, दुखत नाहीये. पण तोलाबद्दल मी विचारलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

ऑपरेशनने तोल बिघडतो का? की हे आधीपासूनच होतं? आणि परत येतो का? ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया लिहा.

पाऊलखुणा
+१. माझंही गादीचंच ऑपरेशन, सात महिने झाले. जिना उतरताना कठडा सोडवत नाही. मला वाटलं हे फक्त मलाच होतंय. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

रानवारा
माफ करा, पण म्हणूनच मी सगळ्यांना सांगतो की मणक्याला हात लावू देऊ नये. पाठीचे स्नायू एकदा कापले की पहिल्यासारखे होत नाहीत. माझ्या मेहुण्यांचं ऑपरेशन झालं, आता ते काठी घेऊन चालतात.

मेखला
चांदणवेल, मी फिजिओथेरपिस्ट आहे. कामातले निम्म्याहून जास्त रुग्ण मणक्याचेच. तपासल्याशिवाय तुमच्याबद्दल ठाम काही सांगणार नाही, पण साबणाची गोष्ट वाचून थांबले. ती फार महत्त्वाची खूण आहे.

आपण उभे असतो तेव्हा मेंदूला तीन ठिकाणांहून खबर जात असते. डोळे, कानाच्या आतला तोलाचा अवयव, आणि तळपाय, घोटे, गुडघे, कंबर, मान इथले स्नायू नि सांधे. डोळे मिटले की दोनच वाटा उरतात. त्यात पायाकडून येणारी खबर अर्धवट असेल तर शरीर हेलकावतं. एकोणिसाव्या शतकात मॉरिट्झ रोम्बर्ग या जर्मन डॉक्टरांनी हेच हेरलं होतं. पाय जुळवून उभं करायचं, डोळे मिटायला सांगायचे आणि बघायचं. आजही ती चाचणी त्यांच्याच नावाने चालते. तुम्ही रोज सकाळी बेसिनपाशी नकळत तीच देताय.

आता एस१ ही नस, म्हणजे तुमची ही गादी सरकली की बहुतेकदा दबते ती, काय करते ते बघा. पोटरी आणि पावलाची बाहेरची कड तिच्या ताब्यात. सरळ उभं असताना शरीराचा भार घोट्याच्या जरा पुढे पडतो, त्यामुळे पुढे कोसळू नये म्हणून पोटरी अखंड मागे खेचत असते. तुम्ही पुढे झुकता असं लिहिलंय, ते मला या नसेशी जुळणारं वाटतं. डाव्या पायाच्या चवड्यावर किती वेळा उंच होता येतं? उजव्यावर किती? टेबलाला बोटं टेकवून मोजा आणि इथे लिहा.

ऑपरेशनने बिघडलं का, याबद्दल मी उलटा प्रश्न विचारते. ऑपरेशनच्या आधी कधी डोळे मिटून उभं राहून बघितलं होतं का? त्या अकरा महिन्यांत सगळं लक्ष कळेकडे होतं. जुनाट पाठदुखी असलेल्या माणसांचा तोल ऑपरेशन न होताही कमी झालेला आढळतो. पाठीच्या मणक्यांना लगटून असलेला मल्टिफिडस नावाचा स्नायू बारीक होतो, त्यात चरबी शिरते, एमआरआयमध्ये ते दिसतं. हा स्नायू मणका धरतोच, शिवाय कंबर कुठे वाकली, किती वळली याची खबरही देतो. ती मंदावली की मेंदू कमरेवरचा भरवसा कमी करतो आणि घोट्यांवर वाढवतो. प्रयोगशाळेत स्नायूंवर कंपन देऊन हे तपासतात. पाठदुखीवाल्यांना पोटरीवरच्या कंपनाने जास्त डोलायला होतं, कमरेवरच्या कंपनाने कमी. तुमच्या बाबतीत ज्या घोट्यावर सगळी भिस्त, त्याचीच नस दुखावलेली. म्हणून मग राहिले डोळे.

रानवारा, तुमच्या मेहुण्यांबद्दल वाईट वाटलं. त्यांचं कोणतं ऑपरेशन होतं, आणि काठी आधीपासून होती की नंतर आली? हे कळल्याशिवाय पुढे बोलणं त्यांच्यावर अन्यायाचं होईल.

दीपस्तंभ
रानवारा, आमच्याकडे नेमकं उलटं घडलं म्हणून लिहितो. वडील ७२ वर्षांचे, मणक्याची पोकळी अरुंद झालेली. कंबर फारशी दुखायचीच नाही. पाच मिनिटं चालले की दोन्ही पाय जड व्हायचे आणि बसावं लागायचं. वाकून ढकलगाडी ढकलत मात्र कितीही चालायचे. आम्हाला सगळ्यात जास्त खटकलं ते त्यांचं चालणं. पाय फाकवून, बोटीवर चालल्यासारखे चालायचे. वर्षभरात तीनदा पडले. आम्ही वय झालं म्हणून सोडून दिलं. शेवटी एका डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटून उभं केलं, चालायला लावलं, आणि तेव्हा सांगितलं की असं फाकून चालणं हे या आजाराचंच लक्षण असतं.

दाब काढण्याचं ऑपरेशन झालं. मणक्यामागची हाडाची कमान काढून नसांना जागा करून दिली. स्क्रू वगैरे काही नाही. तीन महिन्यांत चाल अरुंद झाली, म्हणजे पावलं जवळजवळ पडायला लागली. पहिल्यासारखे पंचविशीतले झाले असं नाही, पण त्यानंतर एकदाही पडले नाहीत. त्यामुळे "ऑपरेशनने तोल जातो" असं सरसकट म्हणवत नाही.

रानवारा
दीपस्तंभ, हे वाचून बरं वाटलं. मेखलाताई, मेहुण्यांना विचारलं. त्यांचं खालचे चार मणके स्क्रू-रॉडने जोडायचं ऑपरेशन होतं. काठी नंतर आली. ते म्हणतात, "पाठ दुखत नाही, पण मी पुढे ओढला जातो." मी आजवर याचा अर्थ अशक्तपणा असा घेत होतो.

अबोली_जुनी
रानवारा, तुमच्या मेहुण्यांचं "पुढे ओढला जातो" हे वाक्य मी स्वतः दोन वर्षं बोलत होते. सविस्तर लिहिते, कारण हे मला कुणी आधी समजावलं असतं तर बरं झालं असतं.

आधी एका शब्दाबद्दल. ऑपरेशनच्या आधी मला सांगितलं होतं, "मणका अस्थिर आहे, तो स्थिर करू." मी समजले की मी स्थिर होईन, पडणार नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्या भाषेत अस्थिर म्हणजे एक मणका दुसऱ्यावरून नको तितका सरकतो. माझ्या भाषेत अस्थिर म्हणजे मी डगमगते. स्क्रू घातल्याने पहिली गोष्ट बरी झाली. दुसरी झाली नाही, उलट काही महिने वाढली.

नंतर खूप वाचलं. मनोहर पंजाबी या मणक्याच्या संशोधकांनी १९९२ मध्ये मांडलं होतं की मणक्याची स्थिरता तीन गोष्टी मिळून राखतात. हाडं-गाद्या-अस्थिबंध ही एक, स्नायू ही दुसरी, आणि त्या दोघांना वेळेवर हुकूम देणारी मज्जासंस्था तिसरी. स्क्रू फक्त पहिलीला मदत करतो.

आणि पुढे ओढलं जाण्याचं कारण बहुतेकदा कमरेच्या बाकात असतं. कमरेला आत जाणारी नैसर्गिक कमान असते, त्यातली साधारण दोन तृतीयांश कमान सगळ्यात खालच्या दोन पातळ्यांवर, म्हणजे एल४ (कमरेच्या चौथ्या मणक्या) पासून खाली असते. मणके जोडताना ती कमान सपाट राहिली तर धड पुढे जातं. मग माणूस सरळ राहण्यासाठी ओटीपोट मागे फिरवतो, गुडघे किंचित वाकवतो, आणि दिवस संपेपर्यंत मांड्या पेटतात. हे काही नवीन नाही. १९६० च्या दशकापासून पाठीचा कणा बाजूला वाकतो त्यासाठी हॅरिंग्टन रॉड (धातूच्या सळ्या) वापरले जायचे. ते मणके ताणून सरळ करायचे, आणि कंबरेपर्यंत खाली नेलेल्या रॉडमुळे कित्येकांची कंबर सपाट झाली. त्या अनुभवातून आता ऑपरेशनच्या आधी ओटीपोटाचा कोन आणि कमरेची कमान मोजून जुळवतात. फ्रान्सचे सर्जन झाँ द्युबूसे यांनी छान कल्पना दिली आहे. पावलांपासून वर रुंद होत जाणारा एक अदृश्य शंकू असतो. शरीर त्याच्या आत राहिलं तर उभं राहायला कष्ट पडत नाहीत. कडेला गेलं की स्नायू राबतात, बाहेर गेलं की काठी लागते.

मेहुण्यांना डोक्यापासून मांडीच्या हाडापर्यंतचा उभ्याने काढलेला पूर्ण एक्स-रे काढला होता का ते विचारा. आडवं झोपून काढलेल्या एमआरआयमध्ये हे कळत नाही, कारण झोपलेलं असताना तोल सांभाळायचाच नसतो.

माझं सांगायचं तर छातीच्या खालपासून ओटीपोटापर्यंत जोडलेलं आहे. पुढे झुकून स्वतःची पावलं बघता येत नाहीत, म्हणून पायरी आधी पावलाने चाचपते. ठेच लागल्यावर पूर्वी कंबर आपोआप वळून सावरायची, आता ते काम नितंबांनी आणि पावलांनी करायचं असतं. ते शिकायला मला जवळपास वर्ष लागलं. पण शिकता आलं, हे मला ठळकपणे सांगायचं आहे.

चांदणवेल
अबोलीताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. स्थिर या शब्दाची गल्लत माझीही झाली होती.

मेखलाताई, चवड्यावर उंच होण्याची मोजणी केली. उजव्या पायावर २२ वेळा. डाव्यावर तीन, आणि तिसऱ्यांदा टाच नीट उचललीच गेली नाही. मला खरंच कल्पना नव्हती. चालताना काही कळतच नाही.

मेखला
समतल जमिनीवर चालताना कळत नाही, कारण दुसरा पाय लगेच भार घेतो. आता निदान कुठे काम करायचं ते ठरलं.

नसेबद्दल थोडं. नुसती दबून गप्प झालेली नस दाब निघाल्यावर काही आठवड्यांत जागी होते. आतले तंतू तुटले असतील तर ते दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने वाढतात. कमरेपासून पोटरीपर्यंतचं अंतर मोजून बघा, मग चार महिने का पुरत नाहीत ते कळेल. सगळं परत येईलच असं वचन मी देणार नाही. पण ज्या तंतूंचं काम चालू आहे त्यांच्याकडून जास्त काम करून घेता येतं, आणि तोलासाठी तेवढं पुष्कळदा पुरतं.

गादीच्या ऑपरेशननंतर काय होतं याचे अभ्यास बघितले तर साधारण चित्र असं आहे. दुखणं गेल्यावर हेलकावे कमी होतात, पण निरोगी माणसाइतके लगेच होत नाहीत, आणि दुखणं पूर्ण गेलेले लोकसुद्धा डोळ्यांच्या आधाराने तोल भरून काढत असतात. म्हणजे दुखणं आणि तोल वेगवेगळ्या वेगाने सुधारतात. आणि दुखणं गेलं की बहुतेक लोक व्यायामाला येणंच बंद करतात.

रानवारांनी स्नायू कापण्याचा मुद्दा काढला तो चुकीचा नाही. मधोमध छेद घेऊन मल्टिफिडस हाडावरून सोडवला आणि बराच वेळ ताणून धरला तर त्याला इजा होते. त्याला जाणारी बारीक नसही दुखावू शकते. म्हणूनच बाजूने, दोन स्नायूंच्या मधल्या फटीतून जायची वाट काढली गेली. लिऑन विल्ट्से या सर्जननी १९६८ मध्ये ती लिहून ठेवली आहे. नळीतून किंवा दुर्बिणीतून होणाऱ्या ऑपरेशनचाही एक हेतू तोच. पण छेद लहान असला तरी आधीच वाळलेला स्नायू आपोआप भरत नाही.

पाऊलखुणा
मेखलाताई, व्यायाम नेमके कोणते? पोटाचे व्यायाम करा असं मला सांगितलं होतं, मी रोज करते. जिन्यावर फरक नाही.

मेखला
पोटाला ताकद आली तरी ती वेळेवर यायला हवी. १९९६ मध्ये पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन या संशोधकांनी लोकांना पटकन हात वर करायला सांगून स्नायूंचे सिग्नल मोजले. निरोगी माणसांत पोटाचा सगळ्यात आतला स्नायू हात हलायच्या आधीच आवळतो. पाठदुखीवाल्यांत तो उशिरा आवळतो. जमिनीवर झोपून केलेल्या व्यायामात ही वेळ साधायचा सराव फारसा होत नाही. म्हणून उभ्याने सराव हवा.

तुम्हा दोघींना सर्जनने वाकणं, वजन उचलणं, कंबर पिळणं यावर घातलेली बंधनं उठली असतील असं धरते. ती उठली नसतील तर आधी विचारा. गादीच्या ऑपरेशननंतर चार ते सहा आठवड्यांनी पद्धतशीर व्यायाम सुरू करायची सर्वसाधारण रीत आहे. मणके जोडलेले असतील तर वेळापत्रक वेगळं, हाड जुळायला सहा महिने ते वर्ष लागू शकतं.

भिंतीच्या कोपऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि समोर जड खुर्ची ठेवायची, म्हणजे कुठेही गेलात तरी आधार आहे. पाय जुळवून अर्धा मिनिट. जमलं की एक पाऊल दुसऱ्याच्या अर्धं पुढे. मग टाचेला चवडा लावून एका रेषेत. प्रत्येक पायरी आधी उघड्या डोळ्यांनी, मग डोळे मिटून. ते जमलं की तीच पायरी मान डावी-उजवीकडे फिरवत. मऊ उशीवर उभं राहणं फार पुढचं, आणि सोबत कुणीतरी असतानाच. पाऊलखुणा, तुमच्यासाठी जिन्याची सगळ्यात खालची पायरी पुरेशी आहे. कठडा धरून एक पाय पायरीवरून खाली सोडा, टाच जमिनीला टेकवा, भार न टाकता परत वर घ्या. वरच्या पायाचा गुडघा आत कोसळू द्यायचा नाही. कठडा आधी मुठीत, मग दोन बोटं, मग नुसता हात जवळ.

चांदणवेल, यासोबत दोन्ही पायांनी चवड्यावर उंच व्हायचं आणि एकट्या डाव्याने हळू खाली यायचं. उतरताना स्नायू जास्त भार पेलतो, म्हणून सुरुवात तिथून.

वाटसरू
एक मुद्दा राहतोय. औषधं. नसांच्या दुखण्यासाठी प्रीगॅबालिन किंवा गॅबापेंटिन चालू असेल तर गरगरणं, झापड आणि डगमगणं हे त्यांचे माहीत असलेले दुष्परिणाम आहेत. ट्रॅमाडॉल या वेदनाशामकानेही होतं. माझ्या आईला आम्ही तीन महिने "ऑपरेशनचा परिणाम" म्हणत होतो. डॉक्टरांनी डोस हळूहळू उतरवला आणि निम्मा प्रश्न सुटला. स्वतःहून एकदम बंद करू नका, त्याचा वेगळा त्रास होतो.

आणि रात्री बाथरूमला उठताना घाई नको. कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मिनिटभर काठावर बसा, मग उभे राहा. आई दोन्ही वेळा तिथेच पडली होती.

शिशिर_६
मी उशिरा लिहितोय, पण हे वाचायलाच हवं असं वाटतं. मलाही कंबरदुखी होती आणि तोल जात होता. सगळ्यांनी तोलाचा दोष कमरेवर टाकला. एमआरआय कमरेचाच काढला, त्यात वयानुसार जे दिसायचं ते दिसलं. पण त्याच काळात मला शर्टाची बटणं लावता येत नव्हती, अक्षर बिघडलं होतं. हे मी कुणाला सांगितलंच नाही, कारण हाताचा आणि कमरेचा काय संबंध असं वाटलं. शेवटी कळलं की मानेत मज्जारज्जू दबला होता. मानेचं ऑपरेशन झालं. बिघडणं थांबलं, काही सुधारलं, काही तसंच राहिलं. मज्जारज्जूच्या बाबतीत जितका उशीर तितकं कमी परत मिळतं, असं मला समजावलं गेलं.

म्हणून तोल जातोय आणि हातही बेंगरूळ झालेत असं असेल तर मान तपासून घ्या.

मेखला
शिशिर, मनापासून आभार. यालाच जोडून लिहिते. मधुमेहाने पायांच्या नसा मंदावणं, ब जीवनसत्त्व १२ची कमतरता, कानाच्या आतल्या कणांमुळे येणारी भोवळ, या गोष्टी पाठीच्या रुग्णालाही असू शकतात आणि ऑपरेशनच्या सावलीत लपतात.

काही लक्षणं मात्र व्यायामाने बघू म्हणायची नाहीतच. बसताना जमिनीला टेकतो त्या भागात, म्हणजे जांघेत आणि गुदद्वाराभोवती, बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत झाली, दोन्ही पाय एकदम लुळे वाटले, तर त्याच तासाला रुग्णालयात. पाऊल अचानक उचलेनासं झालं तरी तसंच. ऑपरेशनच्या पहिल्या दिवसांत उभं राहिल्यावर तीव्र डोकेदुखी आणि झोपल्यावर आराम असं असेल तर मज्जारज्जूभोवतीचं पाणी गळत असण्याची शक्यता असते, तेही लगेच कळवा.

रानवारा
मेहुण्यांचा उभ्याने पूर्ण एक्स-रे कधीच काढला नव्हता. आता काढून घेतला आहे, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या सर्जनना दाखवतोय. अबोलीताई, त्यांनी तुमचा प्रतिसाद माझ्याकडून वाचून घेतला आणि म्हणाले, "हिला माझ्या मांड्यांचं कसं कळलं?"

अबोली_जुनी
त्यांना सांगा, कामाच्या मधे भिंतीला पाठ टेकून दोन मिनिटं उभे राहा, टेकूनच. मांड्यांना तेवढीच विश्रांती मिळते. आणि काठी उजव्या-डाव्याऐवजी दोन्ही हातांत, चालायच्या उंच काठ्या मिळतात त्या वापरून बघू देत. एका काठीवर माणूस वाकतो, दोन उंच काठ्यांनी छाती वर राहते. मला त्यांचा फार उपयोग झाला. फक्त उंची फिजिओकडून ठरवून घ्या.

चांदणवेल
सात आठवड्यांनी परत आले आहे. डाव्या चवड्यावर आता नऊ वेळा. टाचेला चवडा लावून उघड्या डोळ्यांनी अर्धा मिनिट जमतं, डोळे मिटून ११ सेकंद. पावलाची कड अजून बधिरच आहे. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून, वळून परत बसायची चाचणी फिजिओनी घेतली. आधी १४ सेकंद लागले होते, काल दहा. १२ च्या वर पडण्याचा धोका धरतात म्हणे, म्हणून मला तो आकडा ऐकून हायसं वाटलं.

एक गोष्ट कुणी विचारली नव्हती ती सांगते. मला भीती वाटत होती. परत गादी सरकेल म्हणून मी कंबर लाकडासारखी ताठ धरून चालत होते आणि त्यानेच जास्त डुगडुगत होते. फिजिओनी माझ्याच चालण्याचा व्हिडिओ दाखवला. हात हलतच नव्हते. आता मुद्दाम हात हलवत चालते.

साबण लावताना अजून एक बोट बेसिनवर असतं. पूर्वी दोन्ही हात असायचे.

पाऊलखुणा
जिना उतरताना माझीही आता कठड्यावर फक्त दोन बोटं आहेत. चांदणवेल, तो हातांचा मुद्दा वाचून आत्ता घरातल्या घरात चालून बघितलं. माझेही हलत नाहीत.